तांदूळ, कोंबड्या आणि तीन प्रश्न

शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनात सहावी-सातवीची मुले जे प्रयोग मांडतात, त्यांत दोन कुंड्यांचा प्रयोग हटकून असतो. दोन्ही कुंड्यांत मुगाचे दाणे पेरलेले. एक कुंडी खिडकीत, दुसरी कपाटात. खिडकीतले रोप हिरवेगार, कपाटातले पिवळट, लांबुडके आणि मान टाकलेले. शेजारी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत निष्कर्ष लिहिलेला असतो : 'वनस्पतीला सूर्यप्रकाश लागतो.' आपण कौतुकाने मान डोलावतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. पण त्या मुलाला क्षणभर थांबवून विचारावे, "बाळ, कपाटातल्या कुंडीला पाणी कोण घालीत होते?" पुष्कळदा उत्तर येते, "घालत होतो, पण रोज नाही. कपाट बंद असायचे ना!" झाले! आता ते रोप उजेडावाचून सुकले, पाण्यावाचून सुकले, की कोंडलेल्या हवेने सुकले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मुलाचा निष्कर्ष खोटा नाही. वनस्पतीला प्रकाश लागतोच. पण तो निष्कर्ष त्या प्रयोगातून निघालेला नाही. तो पुस्तकातून आला आणि प्रयोगाच्या अंगावर शालीसारखा पांघरला गेला. पुस्तकात उत्तर आधीच छापलेले असते तोवर हे खपून जाते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर जगात कोणालाच ठाऊक नसते, तिथे असे खपत नाही. तिथे ही लहानशी चूक माणसांच्या जिवावर बेतते. आज आम्ही ज्या हकीकतीकडे आपले लक्ष वेधणार आहो, ती अशाच एका प्रश्नाची आहे.

तत्पूर्वी तीन प्रश्न सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते. कोणत्याही प्रयोगाला विचारावे : मुद्दाम काय बदलले? त्याचा परिणाम म्हणून काय पाहिले किंवा मोजले? आणि बाकीचे काय काय होते तसेच ठेवले? शाळेच्या पुस्तकात यांना अनुक्रमे स्वतंत्र चल, अवलंबी चल आणि नियंत्रित चल अशी नावे आहेत. नावे जड आहेत, पण गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. भात गिच्च झाला, तर जाणती गृहिणी दुसऱ्या दिवशी तांदूळही बदलीत नाही, भांडेही बदलीत नाही आणि आचही बदलीत नाही. ती तोच तांदूळ त्याच भांड्यात शिजवते आणि पाणी तेवढे वाटीभर कमी घालते. भात मोकळा झाला तर दोष पाण्याचा. नाही झाला तर तांदूळ नवा आहे, असे ती समजते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे शास्त्र तिला कोणी शिकवलेले नसते.

आता भातावरूनच पुढे जाऊ. एकोणिसाव्या शतकात जपानपासून जावापर्यंत बेरीबेरी नावाच्या रोगाने थैमान घातले होते. पाय जड होत, मग लुळे पडत. कुणाच्या अंगावर सूज येई. शेवटी हृदय थकून माणूस जाई. गंमत नव्हे, पण नवल असे की, हा रोग दुष्काळात खंगलेल्यांपेक्षा बराकीतले तरणेबांड शिपाई, गलबतांवरचे खलाशी, तुरुंगातले कैदी आणि खाणींतले मजूर यांना अधिक गाठी. त्यांना पोटभर भात मिळत होता, आणि तोही पांढराशुभ्र! त्याच काळात वाफेच्या गिरण्या आल्या होत्या. उखळात कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा तांबूस पापुद्रा राही. गिरणी तो पार घासून काढी. असा तांदूळ दिसायला देखणा आणि साठवणुकीला टिकाऊ. सरकारी कोठारांना आणखी काय हवे होते?

रोगाचे कारण मात्र कोणाला उमगत नव्हते. कोणी म्हणे दमट हवा, कोणी म्हणे दाटीवाटी, कोणी म्हणे जंतू. यांतला एकेक संशयित म्हणजे आमच्या मुलांच्या भाषेत एकेक चल. आणि बराकीत हे सगळे चल एकाच वेळी हजर असत, हीच तर खरी अडचण होती.

जपानी आरमारातील वैद्य ताकाकी कानेहिरो याने या गुंत्यात पहिला हात घातला. १८८२ च्या अखेरीस 'र्‍यूजो' नावाचे शिकाऊ जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई बेटे अशा लांबच्या सफरीवर गेले. जहाजावर ३७६ माणसे होती. त्यांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली आणि २५ जण दगावले. ताकाकीने सरकारपाशी हट्ट धरला की, पुढचे जहाज त्याच मार्गाने पाठवा, पण शिधा बदला. १८८४ साली 'त्सुकुबा' हे जहाज निघाले. मार्ग तोच, मुदतही जवळपास तेवढीच. शिध्यात मात्र भाताची मात्रा कमी करून मांस, दूध, पाव इत्यादींची भर. या वेळी बेरीबेरीचे रोगी निघाले अवघे १४, आणि त्या रोगाने कोणीही मेले नाही. त्या चौदांतल्याही बहुतेकांनी नव्या शिध्यातले मांस किंवा दूध घेण्याचे नाकारले होते!

ताकाकीला तिसरा प्रश्न पुरता उमगला होता. म्हणून त्याने मार्ग बदलला नाही. समुद्र, हवा, गर्दी यांचा संशय त्यामुळे एकदम दूर झाला. पण पहिल्या प्रश्नाशी तो अडला. त्याने 'एक' गोष्ट बदलली नव्हती, सबंध ताट बदलले होते. मग त्या ताटातल्या कोणत्या पदार्थाने गुण आला? ताकाकीला वाटले, मांसातल्या प्रथिनांनी. ते चूक होते. उपाय बिनचूक आणि कारण चुकीचे! आरमारातून बेरीबेरी जवळजवळ हद्दपार झाली खरी. पण कारण पटण्याजोगे नसल्यामुळे जपानी लष्कराचे डॉक्टर जंतूंच्या मताला चिकटून राहिले आणि सैन्याला पांढरा भातच मिळत राहिला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात जपानच्या सुमारे अडीच लाख सैनिकांना बेरीबेरी झाली आणि त्यांतले सुमारे २७,००० मेले. प्रयोगातला एक चल नीट वेगळा न काढल्याची किंमत काय असू शकते, याचे याहून दारुण उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

आता जावाकडे वळू. तिथे डच सरकारने १८८६ साली बेरीबेरीच्या तपासासाठी एक मंडळ धाडले. मंडळाची माणसे जंतूंचा संशय मनात घेऊन आली आणि तो घेऊनच परतली. मागे राहिला ख्रिस्तियान आइकमान नावाचा तरुण लष्करी डॉक्टर. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, लष्करी रुग्णालयात एक छोटी प्रयोगशाळा त्याच्या हाती आली. जंतू शोधायचे, ते कोंबड्यांना टोचायचे आणि रोग होतो का पाहायचे, असा त्याचा बेत होता. पद्धत चोख होती. काही कोंबड्यांना टोचले, काहींना मुद्दाम टोचले नाही. टोचलेल्या आजारी पडल्या आणि न टोचलेल्या धडधाकट राहिल्या, म्हणजे जंतू सिद्ध!

परंतु घडले भलतेच. टोचलेल्या कोंबड्यांचे पाय लटपटू लागले, आणि न टोचलेल्यांचेही! एखादा अधीर संशोधक म्हणाला असता, 'संसर्ग पसरला, दुसरे काय?' आइकमानलाही आधी तसेच वाटले. त्याने निरोगी कोंबड्या दूर नेऊन वेगळ्या ठेवल्या. तरीही त्या पांगळ्या झाल्याच. आणि मग १८८९ च्या नोव्हेंबरअखेरीस, कोणताही उपाय केला नसताना, रोग आपोआप नाहीसा झाला. आजारी कोंबड्या उठून दाणे टिपू लागल्या.

इथे आमच्या दृष्टीने या कथेतला सर्वांत मोलाचा क्षण येतो. आइकमानने 'झाले ते बरे झाले' म्हणून वही मिटली नाही. त्याने स्वतःला विचारले : मी काही बदलले नाही, मग माझ्या नकळत काय बदलले? चौकशी करता कळले की, प्रयोगशाळेच्या नोकराने पैसे वाचवण्यासाठी जून महिन्यापासून कोंबड्यांना रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला उरलेला भात घालायला सुरुवात केली होती. तो भात अर्थातच लष्करी कोठारातल्या पांढऱ्या तांदळाचा. जुलैत कोंबड्या आजारी पडू लागल्या. पुढे मुदपाकखान्यात नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायचा नाही, असा त्याने कडक पवित्रा घेतला. कोंबड्यांचे जुने खाद्य पुन्हा सुरू झाले आणि त्या बऱ्या झाल्या. शास्त्रज्ञाच्या हातून जे निसटले होते, ते एका आचाऱ्याच्या काटेकोरपणामुळे उघडकीला आले!

आइकमानचा मोठेपणा असा की, योगायोगाला त्याने पुरावा मानले नाही. योगायोगाने फक्त संशयित दाखवला होता. गुन्हा शाबीत व्हायचा होता. तांदूळ शिजवलेला होता म्हणून? शिळा होता म्हणून? पाणी खराब होते म्हणून? त्याने एकेक गोष्ट पालटून पाहिली. शेवटी उरला तो एकच फरक : दाण्यावर कोंड्याचा पापुद्रा आहे की नाही. पापुद्र्यासकट तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या ठणठणीत. घासलेल्या तांदळावरच्या पांगळ्या. आणि त्याच पांगळ्या कोंबड्यांना कोंडा चारला की त्या पुन्हा चालू लागत.

पण कोंबडी म्हणजे माणूस नव्हे. माणसांचे काय? आइकमानने आपला विचार जावाचा आरोग्य-निरीक्षक फोर्डरमान याला सांगितला. जावातल्या निरनिराळ्या तुरुंगांत, त्या त्या भागातील रिवाजाप्रमाणे, निरनिराळा तांदूळ शिजे. फोर्डरमानने १०१ तुरुंगांची पाहणी केली. कैद्यांची एकूण संख्या पावणेतीन लाखांवर होती. जिथे पापुद्र्याचा तांदूळ होता तिथे सुमारे दहा हजार कैद्यांत एकाला बेरीबेरी. जिथे मिश्र तांदूळ तिथे सुमारे ४१६ त एकाला. आणि जिथे पांढरा तांदूळ तिथे ३९ त एकाला! फोर्डरमान तेवढ्यावर थांबला नाही. इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, गर्दी दाट की विरळ, हेही त्याने टिपून ठेवले, आणि यांतल्या कशाचाही रोगाशी संबंध दिसत नाही, हे दाखवून दिले. जे चल आपल्या हाताने थोपवून धरता येत नाहीत, ते निदान मोजून तरी ठेवावेत, हा धडा त्याच्याकडून घेण्याजोगा आहे.

तरी शंकेखोरांचे समाधान होईना. 'पांढरा तांदूळ खाणाऱ्या तुरुंगांत दुसरे काही वेगळे नसेल कशावरून?' शंका अगदीच गैर नव्हती. फोर्डरमानने पाहिले होते. स्वतः काही बदलले नव्हते. बदलून पाहण्याचे काम मलायात झाले, आणि तिथे आपल्या देशाचा धागा या कथेत येऊन मिळतो.

मलायातल्या कथलाच्या खाणींत आणि मळ्यांत चिनी, मलायी आणि तमिळ असे तिन्ही मजूर एका हवेत राबत. चिनी मजूर गिरणीचा पांढरा तांदूळ खात आणि बेरीबेरीने मरत. मलायी घरी कांडलेला तांदूळ खात. तमिळ लोक हिंदुस्थानातून येणारा उकडा तांदूळ खात. हे दोघे बहुधा रोगातून सुटत. ब्रॅडन नावाच्या डॉक्टरच्या नजरेत हे भरले. मग क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात डॉ. फ्लेचरने १९०५ च्या डिसेंबरात रोग्यांना एका रांगेत उभे केले आणि एकाआड एक असे दोन गट पाडले. एका गटाला सयामचा पांढरा तांदूळ, दुसऱ्याला हिंदुस्थानी उकडा तांदूळ. बाकी जेवण सारखे. गट पाडण्यात स्वतःची आवडनिवड येऊ दिली नाही, हे ध्यानात घ्यावे. आणि दोष इमारतीचा असेल तर? म्हणून मध्यंतरी त्याने दोन्ही गटांच्या इमारतींची अदलाबदल केली. वर्षअखेर पांढऱ्या तांदळावरच्या १२० रोग्यांपैकी तीसहून अधिकांना बेरीबेरी झाली होती आणि १८ मेले होते. उकड्या तांदळावरच्या गटात दोनच रोगी निघाले, तेही दाखल होतानाच आजारी असलेले. मृत्यू एकही नाही.

इथे आम्हाला जरा थांबावेसे वाटते. प्रयोग म्हणून हा नमुनेदार आहे. पण त्या अठरा माणसांना कोणी विचारले होते? ज्यांना 'नाही' म्हणता येत नव्हते, अशांनाच त्यात घेतले गेले. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, आणि करू नयेच. मुलांना प्रयोगाची रीत शिकवताना हीही बाजू सांगितली पाहिजे. मुगाच्या रोपाला उपाशी ठेवता येते, माणसाला नाही.

पुढे १९०७ पासून फ्रेझर आणि स्टँटन यांनी रानात रस्ता बांधणाऱ्या सुमारे ३०० जावानी मजुरांवर अशीच परीक्षा घेतली. त्यांनीही गटांच्या जागा आणि तांदूळ आलटून-पालटून पाहिले. रोग जागेबरोबर गेला नाही, तांदळाबरोबर गेला. संशयित आता पक्का झाला.

मात्र एक गोष्ट अजून बाकी होती. नेमका चल सापडला म्हणजे कारणही सापडले, असे होत नाही. आइकमान अनेक वर्षे समजत होता की, तांदळाच्या पिठुळ भागात काही विष आहे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा आहे. ब्रॅडनलाही तांदळात विषच दिसले. आइकमानच्या जागेवर आलेल्या ग्राइन्सने १९०१ साली उलट म्हटले : विष कुठेच नाही, कोंड्यात असे काही आहे, जे शरीराला अल्पसे का होईना, लागतेच. रोग कशाच्या असण्याने नव्हे, कशाच्या नसण्याने होतो, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. १९१२ साली फुंकने अशा पदार्थांना 'व्हिटामिन' हे नाव सुचवले. आपण त्यांना जीवनसत्त्वे म्हणू लागलो. १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी बटाव्हियातच कोंड्यातून त्याचे स्फटिक वेगळे काढले. १९३६ साली रॉबर्ट विल्यम्सने ते प्रयोगशाळेत बनवले. हा विल्यम्स जन्मला होता आपल्या नेल्लोरला, मिशनरी आईबापांच्या पोटी. हेच थायमिन, म्हणजे 'ब१' जीवनसत्त्व. १९२९ च्या नोबेल पारितोषिकात आइकमानचा वाटा होता. ग्राइन्सचा नव्हता.

आपल्याकडेही आंध्रच्या किनाऱ्यावर बेरीबेरी होतीच. १९१८ साली कुन्नूरला मॅकॅरिसनच्या हाताखाली एका खोलीत तिचा तपास सुरू झाला. त्या खोलीचीच वाढत वाढत पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली आणि १९५८ मध्ये ती हैदराबादला गेली. कोकणात आणि गोव्यात ज्या उकड्या तांदळाची पेज आपण आवडीने पितो, त्याची मख्खीही याच संशोधनातून उलगडली. भात सालीसकट भिजवून वाफवला की, कोंड्यातले जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते. मग वरून कितीही सडले तरी ते सगळे जात नाही. आमच्या पूर्वजांना जीवनसत्त्वे ठाऊक होती, अशी बढाई मात्र आम्ही मारणार नाही. उकडल्याने साल लवकर सुटते आणि दाणा कमी तुटतो, एवढे त्यांना अनुभवाने कळले होते. फायदा पदरात पडणे वेगळे आणि तो कशाने पडला हे जाणणे वेगळे. ताकाकीच्या कथेचे तरी तात्पर्य दुसरे काय आहे?

आता पुन्हा त्या दोन कुंड्यांकडे येऊ. आम्ही पालकांना आणि शिक्षकांना एवढेच सुचवू की, मुलाच्या हाती कुंडी देण्याआधी एक कागद द्यावा. त्यावर तीन ओळी लिहून घ्याव्यात : मी फक्त प्रकाश बदलणार. मी दर दोन दिवसांनी रोपाची उंची मोजणार आणि पानांचा रंग लिहिणार. माती, दाण्यांची जात, दाण्यांची संख्या, कुंडीचे माप आणि रोजचे पाणी सारखे ठेवणार. कपाटाच्या दाराला हवेपुरती वाट ठेवणार. एका कुंडीत एकच दाणा पेरू नये, दहा पेरावेत. म्हणजे एखादा किडका निघाला तरी फसगत होणार नाही. एवढे केल्यावर पुठ्ठ्यावरचा निष्कर्ष त्या मुलाचा स्वतःचा होईल, आणि तो पुस्तकाशी जुळला तर आनंद दुप्पट होईल.

आणि जुळला नाही तर? तर मुलावर रागावू नये, आणि पुस्तकातले उत्तर गुपचूप उतरवून घेऊ देऊ नये. बटाव्हियात न टोचलेल्या कोंबड्याही लंगडू लागल्या, तेव्हा आइकमानचा प्रयोग शाळेच्या हिशेबाने 'फसला' होता. त्या फसलेल्या प्रयोगाची वही त्याने फेकून दिली नाही, म्हणून पुढे असंख्य माणसे आपल्या पायांवर उभी राहिली. आपल्या मुलाचा प्रयोग फसेल त्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसावे आणि आइकमानने स्वतःला विचारलेला तोच प्रश्न त्याला विचारावा : "बघ बरे, आपल्या नकळत काय बदलले?"